पंधरा ठिकाणी फिरूनही नाणे एकच का मिळाले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन महिन्यांपूर्वी आपण मध्यम दर्जाचा मेटल डिटेक्टर घेतला. जुनी नाणी शोधायला पंधरा वेळा बाहेर पडलात आणि प्रत्येक वेळी नवी जागा निवडलीत. हाती आले ते खिळे, बाटल्यांची झाकणे, अॅल्युमिनियम फॉइलचे चुरगळलेले तुकडे आणि फक्त एक नाणे, जे आपण घासून स्वच्छ केलेत. कचरा खणावा लागू नये म्हणून यंत्रातील लोखंड आणि फॉइल हे दोन्ही पट्टे (म्हणजे त्या धातूंच्या सिग्नलांचे गट) बंद ठेवले आहेत, सेन्सिटिव्हिटी (क्षीण सिग्नल टिपण्याची क्षमता) शेवटच्या टोकाला नेली आहे, आणि आता याहून खोल जाणारे महाग यंत्र घ्यावे का, असे आपण विचारत आहात.

मी बावीस वर्षे हे काम करत आहे आणि माझे स्पष्ट मत असे की सध्या नवे यंत्र घेऊ नये. आपली अडचण खोलीची नाही. आपण सांगितलेल्या तपशिलांवरून मला असे दिसते की आपण प्रत्येक जागेचा फार थोडा भाग खऱ्या अर्थाने तपासला, यंत्राला नको तेवढे गप्प केले, आणि जागा निवडताना माणसांच्या वावराचा पुरेसा विचार केला नाही. या तीनही गोष्टी आहे त्याच यंत्राने सुधारता येतात. अर्थात, आपल्या भागातली माती कशी आहे, त्या जमिनीवर पूर्वी काय होते आणि तिथला कायदा काय सांगतो, यांवर बरेच काही अवलंबून असते. त्यामुळे मी आकड्यांचे ठाम वायदे करणार नाही, पण विचार कसा करावा ते सांगतो.

प्रथम खोलीचा मुद्दा घेऊ, कारण बहुतेक नवशिक्यांचा पैसा याच समजापायी खर्च होतो. आपल्या यंत्रासारख्या यंत्राची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्यांची चकती, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. वाटेत धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि कॉइलमधले दुसरे वेटोळे ते टिपते. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच दूर असेल तर हे क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परत येतानाही तितकेच क्षीण होते. म्हणजे लहान वस्तूकडून येणारा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातानुसार घटतो. अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६४ पटींनी लहान होतो. खोली केवळ पाव पट वाढवायची म्हटली तरी यंत्राला जवळजवळ चौपट क्षीण सिग्नल ओळखावा लागतो. म्हणूनच चांगल्या मातीत सामान्य आकाराचे नाणे वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत लागले तर ते उत्तम समजावे, आणि कितीही महाग यंत्र घेतले तरी ही मर्यादा थोडीच सरकते. खोलवर पुरलेली मोठी पेटी शोधण्याची यंत्रे असतात, पण एकट्या नाण्यासाठी ती उपयोगी नाहीत.

याच नियमाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. कॉइल जमिनीपासून पाच सेंटिमीटर वर धरली तर ती पाच सेंटिमीटर थेट खोलीतून वजा होतात. झोका देताना दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. घड्याळाच्या लंबकासारखा हात हलला की मधल्या हातभर पट्ट्याखेरीज बाकी सारे वाया जाते. कॉइल शेवटपर्यंत जमिनीला समांतर आणि गवताच्या पात्यांना घासत जाईल इतकी खाली ठेवा. नव्या यंत्राकडून खोलीची जी अपेक्षा आपण करत आहात, तिच्यातला मोठा वाटा केवळ या एका सवयीने मिळतो.

आता क्षेत्रफळाचा हिशेब करू. समजा आपली कॉइल २८ सेंटिमीटरची आहे. कॉइलखालचे क्षेत्र सगळीकडे सारख्या खोलीपर्यंत जात नाही. काही कॉइलींमध्ये ते शंकूसारखे खाली निमुळते होते, तर डबल-डी प्रकारच्या (इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेल्या) कॉइलमध्ये ते मधल्या रेषेवर उभ्या धारेसारखे असते. म्हणून एक झोका झाल्यावर पुढचा झोका कॉइलच्या निम्म्या रुंदीइतकाच, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर पुढे घ्यावा लागतो. दीड मीटर रुंदीचा झोका अडीच सेकंदांत पूर्ण केला, तर तासाभरात सुमारे ३०० चौरस मीटर जमीन नीट तपासून होते, आणि त्यात खणण्याचा वेळ धरलेलाच नाही. एक एकर म्हणजे ४,००० चौरस मीटरहून थोडी अधिक जमीन, तेव्हा तिला तेरा-चौदा तास लागतील. आपण लिहिता की मोकळे मैदान ‘दीड-दोन तासांत पूर्ण केले’. ते मैदान एकरभर जरी असेल, तरी त्या वेळात फार तर सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी जमीनच खऱ्या अर्थाने तपासली जाते. बाकीच्यावरून आपण नुसते चालत गेलात. पंधरा जागांचे असे झाले असेल तर प्रत्यक्षात जेमतेम दोन जागांएवढीच जमीन तपासून झाली आहे.

मी स्वतः दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखून घेतो आणि तो संपेपर्यंत बाहेर पडत नाही. आधी पूर्व-पश्चिम आणि मग त्याच चौकोनात उत्तर-दक्षिण. दुसऱ्या दिशेने फिरताना पहिल्या फेरीत न ऐकलेले सिग्नल दर वेळी मिळतात, याचे कारण पुढे येईलच. या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की एका चौकोनात काय आणि किती निघाले हे वहीत लिहिले की शेजारच्या चौकोनाशी तुलना करता येते, आणि जमीन हळूहळू स्वतःचा नकाशा दाखवू लागते.

सेटिंगकडे येऊ. सेन्सिटिव्हिटी टोकाला ठेवल्याने यंत्र अधिक खोल ऐकते असे वाटते, पण ते मातीतले खनिज आणि हवेतला विद्युत गोंगाटही तितक्याच उत्साहाने ऐकते. काळी बेसाल्टची माती, जांभ्याची लाल माती आणि मॅग्नेटाइटचे काळे कण असलेली वाळू यांत लोहखनिज भरपूर असते. अशा जमिनीत टोकाची सेन्सिटिव्हिटी म्हणजे भर बाजारात कुजबूज ऐकण्याचा प्रयत्न. नियम साधा आहे. कॉइल स्थिर धरल्यावर यंत्र गप्प राहिले पाहिजे आणि धातू नसलेल्या जागी हलवताना अधूनमधून एखादाच टिकटिकाट झाला पाहिजे. तेवढे शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी कमी करत जा. खिशातला मोबाइल दूर ठेवा, विजेच्या तारांखाली उभे राहून यंत्राची परीक्षा करू नका. ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीतल्या खनिजाचा सिग्नल वगळण्याची, सोय असेल तर धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली हलवून माती ‘शून्य’ करून घ्या, आणि मातीचा रंग किंवा ओल बदलली की ते पुन्हा करा. आपल्या यंत्रात ही सोय मुळीच नसेल आणि आपली माती खनिजयुक्त असेल, तर यंत्र बदलण्याचे ते एक खरे कारण ठरेल. दुसरे कारण म्हणजे समुद्राची ओली वाळू. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी यंत्रे तिथे गोंधळतात आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी किंवा पल्स इंडक्शन पद्धतीची (थांबून थांबून चुंबकीय स्पंद सोडणारी) यंत्रे पुष्कळ बरी चालतात.

आता मुख्य गोष्ट, डिस्क्रिमिनेशन, म्हणजे सिग्नलवरून वस्तू ओळखून नको त्या गाळणे. पडद्यावर दिसणारा आकडा धातूचे नाव सांगत नाही. वस्तूत प्रवाह किती सहज वाहतो आणि किती उशिरा ओसरतो, यावरून तो आकडा निघतो. म्हणून त्यात धातू, मिश्रण, जाडी, आकार आणि वस्तू आडवी आहे की उभी, हे सारे मिसळलेले असते. जाड चांदीचे किंवा तांब्याचे नाणे वरच्या आकड्यांत येते. पण हाताने ठोकलेले पातळ, लहान चांदीचे नाणे किंवा सोन्याची लहान वस्तू फॉइलच्या आणि डब्यांच्या ओढकड्यांच्या पट्ट्यातच बोलते. फॉइलचा पट्टा बंद केला म्हणजे त्याही वस्तूंकडे आपण पाठ फिरवली.

लोखंडाचा पट्टा बंद करण्याने तर दुहेरी नुकसान होते. पहिले असे की अलीकडची अनेक नाणी मुळात पोलादाचीच आहेत. ब्रिटनची एक आणि दोन पेनींची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, युरोची एक, दोन आणि पाच सेंटची नाणीही तशीच आहेत, आणि भारतातील अलीकडची एक रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. ही नाणी यंत्राला लोखंडासारखी वाटू शकतात किंवा त्यांचा आकडा स्थिर राहत नाही. आपल्याला जुनी नाणी हवी आहेत हे खरे, पण नवे नाणे सापडणे म्हणजे इथे माणसे खिशात हात घालत होती याची खूण असते, आणि ती खूण गमावून चालत नाही.

दुसरे नुकसान मोठे आहे. नाण्याजवळ गंजका खिळा असेल तर खिळ्याचा सिग्नल नाण्याचा सिग्नल झाकून टाकतो. यंत्राला लोखंडाबद्दल गप्प राहायला सांगितले असेल, तर ते खिळ्याबद्दल गप्प राहताना शेजारच्या नाण्याबद्दलही गप्प राहते. ही अडचण या विद्येइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारे यंत्र नेले होते. ती गोळी सापडली नाही, आणि रुग्णाच्या गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राला फसवले, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. आपल्या मैदानातले खिळे त्या तारांचेच काम करत आहेत.

माझा एक अनुभव सांगतो. जुन्या, मोडून गेलेल्या पायवाटेच्या कडेला एका जागी यंत्र लोखंडाचा जाड, तुटका आवाज देत होते. झोका पूर्व-पश्चिम घेतला की नुसती गुरगुर, पण उत्तर-दक्षिण घेतला की त्या गुरगुरीच्या शेवटी एक छोटा, स्वच्छ, उंच सूर. तो एकाच बाजूने आणि इतका अल्प यायचा की चालता चालता नक्कीच निसटला असता. मी मोठी कॉइल काढून लहान लावली आणि त्या बिंदूभोवती गोल फिरलो. खणल्यावर १२ सेंटिमीटरवर अपेक्षेप्रमाणे वाकडा खिळा निघाला. खिळा बाजूला ठेवून खड्ड्यात पुन्हा पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) फिरवला, तेव्हा तो तळाला गप्प आणि डाव्या भिंतीला ओरडू लागला. बोटाने माती ओरबाडली तर चार बोटांवर नखाएवढी हिरवी कड दिसली. ते तांब्याचे नाणे होते आणि उभे रुतलेले होते. खिळा निघाल्यावर खड्डा बुजवला असता तर ते आजही तिथेच असते.

तेव्हा माझा आग्रह असा की लोखंड बंद करू नका, त्याला फक्त वेगळा, खालचा सूर द्या. बहुतेक यंत्रांत ही सोय असते. कान काही तासांतच खालचा सूर मागे सारून उंच सूर वेचायला शिकतो. हेडफोन वापरा, कारण क्षीण सिग्नल पडद्याआधी कानाला कळतो. घरी एक सराव जरूर करा. लाकडी फळीवर एक नाणे ठेवा आणि त्याच्या आजूबाजूला चार बोटांच्या अंतरावर तीन-चार खिळे ठेवा. मग निरनिराळ्या दिशांनी, निरनिराळ्या वेगांनी कॉइल फिरवून पाहा. कोणत्या दिशेने नाणे ऐकू येते, कोणत्या दिशेने पूर्ण हरवते आणि लहान कॉइलने काय फरक पडतो, हे एका संध्याकाळी जितके समजेल तितके महिनाभर मैदानात फिरून समजणार नाही. चौकोन दोन्ही दिशांनी फिरायचा तो याचसाठी.

कचरा ओळखण्याच्या काही युक्त्या आहेत, पण त्यांवर आंधळा विश्वास नको. आडव्या नाण्याचा सूर चारही बाजूंनी जवळजवळ सारखा लागतो आणि आकडा एक-दोन घरांपलीकडे हलत नाही. लोखंड नव्वद अंशांत वळून ऐकले की बहुधा तुटते किंवा जागा बदलल्यासारखे भासते. पोलादी झाकण मध्यावर गोड वाजते, पण कॉइल हळूहळू मागे ओढून तिच्या टोकावरून ऐकले तर अनेकदा खरखरते. गंजलेल्या वॉशरसारखी गोल लोखंडी वस्तू मात्र अनुभवी माणसालाही फसवते. आणि उभे नाणे किंवा खूप खोल नाणे स्थिर आकडा देतच नाही. म्हणून पहिले सहा महिने शंका आली की खणा. दर वेळी खणण्याआधी ‘काय निघेल’ हे स्वतःशी ठरवा आणि निघाल्यावर पडताळा. आपल्या यंत्राची भाषा शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

जागेबद्दल. आपण निवडलेल्या जागा बहुतेक ‘मोकळी मैदाने’ आहेत. नाणे मोकळ्या जागेत पडत नाही. माणूस थांबतो, वाकतो, बसतो, पैसे मोजतो, ओझे उतरवतो, तिथे ते पडते. म्हणून मैदानाच्या मध्यापेक्षा त्याची कड, जुन्या झाडाची सावली, पायवाटांचे फाटे, कुंपण ओलांडण्याची जागा, नदीचा उतार आणि पूर्वी बाजार किंवा मेळा भरत असे ती जागा अधिक देते. जुने नकाशे आजच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावेत. जुन्या नकाशात असलेली आणि आज नाहीशी झालेली वाट मला कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाची वाटते. नांगरट झाल्यावर आणि पेरणीपूर्वी शेत तपासायला सोपे असते, कारण कॉइल मातीला टेकते आणि पिकाचे नुकसान होत नाही. मात्र शेतमालकाला आधी विचारले असले पाहिजे.

कचऱ्याकडेही पुरावा म्हणून पाहायला शिका. नुसती फॉइल आणि झाकणे म्हणजे अलीकडच्या सहलींची जागा. गुंड्या, बकल, शिशाचे तुकडे, तांब्याच्या पत्र्याचे कपटे निघू लागले तर तिथे जुना वावर होता आणि तिथे रेंगाळावे. हाताने घडवलेले चौकोनी खिळे दाटीने लागले तर जुने बांधकाम असण्याची शक्यता असते, आणि तिथे नाणे सापडण्याची आशा वाढते तशी जबाबदारीही वाढते. काहीच न देणारी, स्वच्छ, शांत जमीन मला सर्वांत निरुपयोगी वाटते. समुद्रकिनाऱ्याबद्दल एवढेच सांगतो की पाणी जड वस्तू एकत्र लोटते. तेव्हा शिशाची वजने आणि गोटे जिथे साचले असतील तिथे पाहावे, आणि वादळाने वरची वाळू वाहून नेल्यावर जावे.

जबाबदारीचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणार नाही. जागा निवडण्याआधी कायदा पाहिला पाहिजे, आणि तो देशागणिक इतका वेगळा आहे की परदेशी व्हिडिओ पाहून काहीही गृहीत धरू नये. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने शोध घेता येतो, पण १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन वा अधिक नाणी एकत्र सापडली तर चौदा दिवसांत कळवावे लागते. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंचा शोध घेण्यासाठी डिटेक्टर वापरायला सरकारी संमती लागते. अमेरिकेत सरकारी जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ च्या कायद्याचे संरक्षण आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू असून, जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याखाली येतात. संरक्षित स्मारक, किल्ला, जुन्या वसाहतीचे टेकाड अशा जागी डिटेक्टर घेऊन पाऊलही टाकू नये, असे मी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो. इतर कोणत्याही जागी मालकाची परवानगी लेखी घ्यावी आणि त्यातच सापडलेल्या वस्तूंचे काय करायचे ते आधी ठरवावे.

हा आग्रह केवळ शिक्षेच्या भीतीने नाही. नांगराने उलथलेल्या वरच्या मातीत पडलेल्या नाण्याचा थर आधीच विस्कटलेला असतो, पण त्याखालच्या न हललेल्या मातीत नाणे कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आहे, यावरून त्या जागेचा काळ ठरतो. आपण ते उपसून काढले की नाणे उरते आणि माहिती जाते. २०१० मध्ये इंग्लंडमधील फ्रोम गावाजवळ एका शोधकाला जमिनीत नाण्यांनी भरलेल्या रांजणाचे तोंड लागले. त्याने तिथेच खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी थराथराने मोजत ५२,५०३ रोमन नाणी बाहेर काढली. त्यांतली सर्वांत अलीकडची, ब्रिटनमध्ये सत्ता बळकावलेल्या करॉसिअस या रोमन सेनानीच्या राजवटीतली बहुतेक नाणी वरच्या थरात नव्हती, तर बरीच खाली निघाली. त्यावरून अभ्यासकांना म्हणता आले की हा साठा वर्षानुवर्षे भर घालत साठवलेला नसून एकाच वेळी भरलेला होता. त्या माणसाने मोह आवरला नसता आणि रांजण पोत्यांत उपसला असता, तर नाण्यांची संख्या तेवढीच भरली असती, पण ही गोष्ट कायमची हरवली असती. मी त्याचे उदाहरण नेहमी देतो. एकाच खड्ड्यात दोन-तीन जुनी नाणी किंवा मडक्याच्या कडा दिसल्या की हात थांबवा, जागेचे छायाचित्र घ्या, वर माती सारून ठेवा आणि संबंधित खात्याला कळवा. बॉम्ब, तोफगोळा किंवा त्यासारखी दंडगोलाकार गंजकी वस्तू दिसली, तर मात्र मातीलाही हात न लावता दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

खणण्याची रीत थोडक्यात. सिग्नलवरून कॉइल एकमेकींना छेदणाऱ्या दोन दिशांनी फिरवून मध्य ठरवा. गवत असेल तर तीन बाजू कापून चौथी तशीच ठेवा, म्हणजे मातीचा तो ढपला पुस्तकाच्या पानासारखा उलटतो आणि गवताची मुळे जगतात. निघालेली माती कापडावर घ्या, म्हणजे ती सगळी परत जाते. नाण्याच्या अगदी वर टोकदार अवजार चालवू नका. बाजूने शिरा आणि शेवटचे काम बोटांनी करा. वस्तू निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासा, मग बुजवा आणि पायाने दाबा. निघालेला कचरा सोबत घेऊन जा. पुढच्या वेळी जमीनमालक परवानगी देईल की नाही, हे बहुधा बुजवलेल्या खड्ड्यांवरूनच ठरते.

शेवटी, आपण घासून चकचकीत केलेल्या त्या एका नाण्याबद्दल. मीही सुरुवातीला एका पातळ चांदीच्या नाण्यावर मऊ समजून दात घासायचा ब्रश फिरवला होता. मातीबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या आणि ते नाणे कोणत्या राजवटीचे, हे आजवर ठरवता आले नाही. तांब्यावरचा हिरवा किंवा तपकिरी थर मळ नसतो. बऱ्याचदा अक्षरे आणि चित्र त्या थरातच शिल्लक असतात, आणि खालचा धातू केव्हाच खाल्ला गेलेला असतो. यापुढे सापडलेले नाणे बोटांनी चोळू नका. चांदी-सोन्याच्या नाण्यावरची सैल माती शुद्ध पाण्याच्या धारेने जाऊ द्या. तांबे आणि मिश्रधातू तसेच वाळू द्या आणि महत्त्वाचे वाटल्यास जाणकाराला दाखवा. आम्ल, मीठ किंवा पॉलिशची पेस्ट कशालाही लावू नका. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटांतही नाणी ठेवू नका, कारण त्यातून निघणारी द्रव्ये नाण्यावर चिकट हिरवा थर आणतात. साधे आम्लरहित कागदी पाकीट पुरते.

आपल्या नाण्याचे झालेले नुकसान भरून येणार नाही, तेव्हा त्याला आता आणखी काही करू नका. ते कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, अंदाजे खोली आणि ते नेमके कुठे सापडले हे लिहा. पंधरा जागांपैकी एकाच जागेने आपल्याला नाणे दिले आहे, आणि तेही लोखंड व फॉइल बंद असताना, घाईच्या चालीत. सोळावी जागा शोधू नका. तिथला कायदा आणि मालकाची परवानगी यांची खात्री करून त्याच जागी परत जा. खड्डा जिथे होता त्याभोवती दहा मीटरचा चौकोन आखा, लोखंडाला खालचा सूर द्या, सेन्सिटिव्हिटी यंत्र शांत होईपर्यंत उतरवा आणि तो एक चौकोन दोन्ही दिशांनी पूर्ण करा. त्यातून निघालेली प्रत्येक वस्तू, कचऱ्यासकट, वहीत लिहून काढा. ती यादी मला पाठवलीत तर पुढचा चौकोन कोणत्या बाजूला घ्यावा, हे आपण मिळून ठरवू.